कोंकणी विकिपीडिया ‘अधिकृत’ कसा झाला?

‘अधिकृत’ हा शब्द ऐकताच आपल्या डोळ्यांसमोर सरकारी मोहोर उभी राहते. ती मोहोर कोंकणीस केव्हाच लाभली आहे. १९८७ च्या कायद्याने देवनागरी लिपीतील कोंकणी गोव्याची राजभाषा ठरली आणि १९९२ साली तिचा समावेश घटनेच्या आठव्या परिशिष्टात झाला. असे असूनही विकिपीडिया ह्या जगद्विख्यात मुक्त ज्ञानकोशात कोंकणीची आवृत्ती २०१५ पर्यंत अधिकृत नव्हती. मराठी आवृत्ती मात्र २००३ पासून नांदत होती. घरी कोंकणी बोलून शाळेत मराठी शिकविणाऱ्या माझ्यासारख्यास ह्या विलंबाचे कारण शोधावेसे वाटले, तर नवल नाही.

विकिपीडिया ज्या संगणक-प्रणालीवर चालतो तिचे नाव मीडियाविकी. ती मुक्तस्रोत आहे. म्हणजे तिची मूळ संहिता कोणासही वाचता येते, उतरवून घेता येते, बदलताही येते. वास्कोतील एखाद्या विद्यार्थ्याने उद्या ती घेऊन स्वतःचा ज्ञानकोश थाटला, तर त्यास कोणी मज्जाव करणार नाही. परंतु त्या कोशास ‘विकिपीडिया’ म्हणता येणार नाही. ते नाव व बोधचिन्ह विकिमीडिया प्रतिष्ठानच्या मालकीचे आहे. संहितेचा परवाना सर्वांस खुला, नावाचा नव्हे. अधिकृतपणाचा प्रश्न येथूनच सुरू होतो.

नव्या भाषांच्या आवृत्त्यांसाठी २००६ साली ‘इन्क्युबेटर’ नावाचे स्थान निर्माण झाले. अंडी उबविण्याच्या यंत्राचे हे नाव. मुरगावकरांस मी निराळा दाखला देईन. आपल्या बंदराबाहेर जहाजे नांगर टाकून उभी असतात. माल भरलेला असतो, पण धक्का मिळालेला नसतो. इन्क्युबेटरमधील लेखांची अवस्था हीच. तेथे प्रत्येक लेखाच्या शीर्षकाआधी भाषेची संकेताक्षरे जोडावी लागतात. गोव्याच्या कोंकणीची अक्षरे ‘जीओएम’.

धक्का देण्या-न देण्याचा निर्णय स्वयंसेवकांची भाषा-समिती करते. भाषेस आंतरराष्ट्रीय संकेत आहे काय? ती इतर आवृत्त्यांच्या भाषांहून पुरेशी वेगळी आहे काय? पडद्यावर दिसणाऱ्या सूचनांचे भाषांतर झाले आहे काय? ह्या अटी एकदा पुऱ्या केल्या की झाल्या. खरी कसोटी निराळीच आहे. अनेक लेखक महिनोन् महिने सातत्याने लिहीत आहेत काय, हे समिती पाहते. एखाद्या उत्साही माणसाने एकट्याने शेकडो लेख लिहिले तरी तेवढ्याने भागत नाही; तो आजारी पडला की काम थांबेल. मला ही अट कठोर वाटते, पण न्याय्यही वाटते.

हा काही विकिपीडियाचाच लहरी नियम नव्हे. मुक्तस्रोत प्रणाली घडविणाऱ्या अपाची संस्थेतही २००२ पासून अशीच उमेदवारी आहे. तेथील नवा प्रकल्प सिद्ध होईपर्यंत त्याच्या प्रत्येक आवृत्तीवर ‘उमेदवार’ अशा अर्थाची खूण ठेवावी लागते. संचालक मंडळाने ठराव केल्यावरच ती गळते.

कोंकणीची उमेदवारी नऊ वर्षे चालली. मध्यंतरी, २०१३ साली, गोवा विद्यापीठाने आपला चार खंडांचा ‘कोंकणी विश्वकोश’ मुक्त परवान्याखाली खुला केला. हे मोठेच औदार्य होय. तथापि लिहिणारे हात त्यातून आपोआप निघत नाहीत. ते जमले तेव्हा, २०१५ च्या जुलैत, कोंकणी विकिपीडियास स्वतंत्र पत्ता मिळाला. लेखांच्या शीर्षकांवरील संकेताक्षरे गळून पडली, पण कोणी कोणती ओळ केव्हा लिहिली हा इतिहास लेखांबरोबर आला.

येथे राजमान्यता आणि ही मान्यता ह्यांतील अंतर ध्यानी येते. कायद्याने फक्त देवनागरी कोंकणी राजभाषा मानली. ह्या विकिपीडियात रोमी लिपीतील लेखही आहेत. आपल्याच किनाऱ्यावर दक्षिणेस बोलली जाणारी तुळू आठव्या परिशिष्टात नाही, तरी तिचा विकिपीडिया २०१६ साली अधिकृत झाला.

शिवाय ही मान्यता चिरंतन नसते. ज्यांत लिहिणारे कोणी उरले नाही अशा काही आवृत्त्या, उदाहरणार्थ आफ्रिकेतील हेरेरो भाषेची, बंद करण्यात आल्या आणि त्यांचे लेख पुन्हा इन्क्युबेटरमध्ये नेऊन ठेवण्यात आले.