वसंतातील पक्षिनिरीक्षण : एक सहलपाठ

(इयत्ता ४ थी व ५ वी. विषय : परिसर अभ्यास)

हेतू : आपल्या डोळ्यांनी जे पाहिले व कानांनी जे ऐकले, तेवढेच आणि तसेच लिहून ठेवण्याची सवय विद्यार्थ्यांस लागावी, हा या पाठाचा हेतू होय. पक्ष्यांची नावे त्यानंतर येतील.

स्थळ व काळ : फाल्गुन-चैत्राचे दिवस या पाठास उत्तम. झाडांची पाने गळालेली असल्याने पक्षी सहज दिसतात. पळस, पांगारा व काटेसावर फुललेली असतात. आणि ओढे आटून पाणी थोड्या डबक्यांत उरल्याने पक्षी तेथे एकत्र येतात. सिंहगडाच्या पायथ्याशी आतकरवाडीजवळ असे एक झाडीचे खोरे आहे. प्रस्तुत पाठ त्या खोऱ्यातील सहलीवरून लिहिला आहे. परंतु गावाजवळच्या कोणत्याही राईत किंवा ओढ्याकाठी तो घेता येईल.

पूर्वतयारी : एका शिक्षकाबरोबर पंधरापेक्षा अधिक मुले नसावीत. चौघाचौघांचे गट पाडावेत. गणवेशाचा पांढरा सदरा दुरून दिसतो, म्हणून त्या दिवशी मातकट वा हिरवट कपडे घालण्यास सांगावे. सूर्योदयापूर्वी निघावे; ऊन चढले की पक्षी सावलीत गप्प बसतात. दुर्बीण असल्यास बरे, नसल्यास अडत नाही. प्रत्येकाच्या वहीत पुढील रकाने आखून घ्यावेत : वेळ; जागा (जमीन, झुडूप, शेंडा की पाणी); आकार (चिमणीहून लहान, मैनेएवढा की कावळ्याएवढा); रंग; चोच व शेपूट; आवाज; काय करीत होता. नावाचा रकाना सर्वांत शेवटी ठेवावा.

प्रत्यक्ष निरीक्षण : खोऱ्याच्या तोंडाशी सर्वांनी पाच मिनिटे डोळे मिटून उभे राहावे व किती निरनिराळे आवाज आले ते बोटांवर मोजावे. तांब्याच्या भांड्यावर हातोडीचे ठोके पडावेत तसा ‘टुक्‌ टुक्‌’ आवाज तांबटाचा, हे मुलांस लवकर उमगते.

पुढे फुललेल्या काटेसावरीपाशी थांबावे. मैना, बुलबुल व कोतवाल तेथे येतात. सूर्यपक्षी आपली बारीक, बाकदार चोच फुलात घालून मध पितो. पक्ष्याच्या डोक्याला लागलेले पराग दुसऱ्या फुलावर जातात. म्हणजे झाड पक्ष्यास खाऊ घालते व पक्षी झाडाचे काम करतो. हे आधी सांगू नये. “पक्षी फुलातून बाहेर आला तेव्हा त्याचे कपाळ कसे दिसले?” एवढेच विचारावे.

त्यानंतर डबक्यापासून वीस पावलांवर बसावे. शेपटी पंख्यासारखी पसरून नाचणारा नाचण व काठाने शेपटी हलवीत चालणारा करडा धोबी येथे दिसतात. धोबी हिवाळ्यापुरता हिमालयाकडून आलेला पाहुणा असून उन्हाळा वाढण्यापूर्वी परत जातो. येथे धीराची कसोटी लागते. डॉ. सलीम अली यांनी सन १९३० मध्ये अलिबागजवळील किहीम येथे घराशेजारच्या सुगरण पक्ष्यांच्या वस्तीवर दीर्घकाळ लक्ष ठेवले. नर अर्धे घरटे विणतो, मादी ते पाहून पसंत करते, आणि मग तोच नर दुसरे घरटे विणावयास घेतो, हे त्यांस अशा बसण्यातूनच कळले, ही गोष्ट मुलांस सांगावी.

एक अनुभव : सहलीच्या आदल्या दिवशी मी वर्गात सांगितले होते की, वसंतात कोकिळा गाते. वाडीजवळच्या आंब्यावर एक पक्षी ‘कुहू कुहू’ करीत होता. एका मुलीने वहीत लिहिले : “काळा पक्षी. डोळे लाल. हाच गातो. जवळ ठिपक्यांचा तपकिरी पक्षी. तो गात नाही, किक्‌-किक्‌ ओरडतो.” नावाचा रकाना तिने कोरा ठेवला. इतर अनेकांनी मात्र “कोकिळा गात होती” असे माझेच वाक्य उतरवले होते. गाणारा काळा पक्षी नर असतो व ठिपक्यांची ती मादी, हे मी संध्याकाळी पुस्तकात पडताळून पाहिले. दुसऱ्या दिवशी फळ्यावर त्या मुलीची नोंद लिहिली व शेजारी “गुरुजींची चूक” असेही लिहिले. पुढील सहलीत कोरे रकाने वाढले आणि नोंदी खऱ्या झाल्या.

दक्षता : बेचकी घरीच ठेवावी. घरट्याजवळ जाऊ नये; माणसाच्या वावराने पक्षी अंडी टाकून जाण्याचा संभव असतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वन्य पक्ष्यांची शिकार हा गुन्हा आहे. पण कायद्याच्या धाकापेक्षा पाहण्याची गोडी अधिक टिकते.

स्वाध्याय :
१. नाव न लिहिता एका पक्ष्याचे वर्णन करा. मित्रास तो ओळखता येतो का पाहा.
२. काटेसावरीवर आलेल्या दोन पक्ष्यांच्या चोचींची चित्रे काढा.
३. शाळेच्या आवारातील एका झाडावर सात दिवस, रोज दहा मिनिटे लक्ष ठेवा. तुमची कोणती समजूत चुकीची ठरली, ते लिहा.