खिशाचा फ्री बॉडी डायग्राम: पहिल्या रोड सायकलवर किती पैसे घालावेत?

"किती घातले रे?"

रोड सायकल घेऊन हॉस्टेलच्या गेटमधून आत आलं, की वॉचमनकाकांपासून रेक्टर सरांपर्यंत सगळे पहिल्यांदा हेच विचारतात. खरा आकडा सांगितला तर पुढचं वाक्य ठरलेलं: "एवढ्यात तर सेकंडहँड स्प्लेंडर आली असती!" घरी तर मी दोन महिने आकडाच सांगितला नव्हता. आई अजूनही समजते की ती सायकल मला कॉलेजकडून मिळाली आहे. (आई हा अंक वाचणार नाही अशी आशा आहे.)

जानेवारी 2026 मध्ये पुणे ग्रँड टूरसाठी जगभरचे सायकलपटू आपल्या रस्त्यांवरून सुसाट गेले आणि आमच्या विंगमध्ये एकदम साथ आली. जो तो वाकड्या हँडलची सायकल घ्यायला निघाला. पाच-सहा जण माझ्याकडे सल्ला मागायला आले. मी काही तज्ज्ञ नाही, पण पैसे घालवून शिकलोय. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी माझा गाढवपणा सांगतो. सेकंड इयर संपल्यावर दोन महिन्यांच्या इंटर्नशिपचे मिळून 18 हजार हातात आले. आयुष्यातली पहिली स्वतःची कमाई. एक सेकंडहँड रोड सायकल 17 हजारांत मिळत होती. मूळ किंमत म्हणे 60 हजार. चकचकीत लाल रंग, गियर सटासट पडत होते. मी सीटवर बसलो, गल्लीत एक चक्कर मारली आणि पैसे मोजून मोकळा झालो. फ्रेमवर 58 लिहिलं होतं. मला वाटलं मॉडेल नंबर असेल. तो साईज होता, सेंटिमीटरमध्ये! माझी उंची 168. मला लागते 52 च्या आसपासची. पंधरा दिवसांत मानेत कळ, हाताला मुंग्या, आणि एक दिवस प्रॅक्टिकलला व्हर्नियर धरताना करंगळीला संवेदनाच नाही. सीट पुढे सरकव, हँडलचा स्टेम आखूड लाव, असे उद्योग करून अजून 2 हजार घातले. शेवटी ती 11 हजारांना विकली. म्हणजे तीन महिन्यांत 8 हजारांचा फटका. मेसच्या बिलात मोजा म्हणजे कळेल.

तेव्हा पहिला मुद्दा पैशांचा नाहीच, मापाचा आहे. चुकीच्या मापाची सायकल फुकट मिळाली तरी महाग पडते. भिंतीला टेकून अनवाणी उभं राहा, पायांच्या मध्ये जाड पुस्तक (थर्मोचं चालेल, नाहीतरी दुसरा उपयोग काय) घट्ट वर दाबून धरा आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत माप घ्या. त्याला 0.883 ने गुणलं की पॅडलच्या आसाच्या केंद्रापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. माझं माप 78, म्हणजे सीट 69 सेंमीला. हे सूत्र सुरुवातीसाठी पुरे आहे, पुढे अर्धा-एक सेंमी इकडेतिकडे शरीर सांगेल तसं. सीट या उंचीला लावल्यावर हात ब्रेकच्या मुठीवर ठेवून कोपर जरा वाकलेलं राहतं का ते बघा. हात ताठ होत असतील तर दुकानदार काहीही म्हणो, उठा आणि चालू लागा.

आता पैसे. या वर्षी मी मित्रांबरोबर दुकानं पालथी घातली. तिथे दिसलेला ढोबळ हिशोब असा, की साध्या 7 गियरवाल्या रोड सायकली 25 ते 35 हजारांत येतात. शिमानोचा क्लॅरिस संच (मागे 8 चकत्या) बसवलेल्या 45 ते 65 हजारांत. सोरा (9 चकत्या) त्याच्या वर, लाखाच्या आतबाहेर. आणि 105 नावाचा संच आला की दीड लाख ओलांडलेच म्हणून समजा. त्याच्यापुढे अल्टेग्रा आणि ड्युरा-एस आहेत, त्यांच्याकडे फक्त काचेतून बघायचं. आणखी एक: 22 सप्टेंबर 2025 पासून सायकलींवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. मूळ किंमत 40 हजार असेल तर हा 2,800 रुपयांचा फरक आहे. तेव्हा कुणी जुना भाव सांगत असेल तर बिल मागून खात्री करा.

महाग सायकल म्हणजे हलकी सायकल, आणि हलकी म्हणजे वेगवान, असा आपला समज. याचा हिशोब फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समध्ये बसतो. सिंहगडाचा घाट घ्या. पायथ्यापासून वाहनतळापर्यंत चढ 600 मीटर धरू. मी 65 किलो. स्वस्त सायकल साडेदहा किलोची, लाखाने महाग असलेली आठ किलोची. एमजीएच लावा: पहिल्या सायकलला 444 किलोज्यूल, दुसरीला 430. नवशिक्याचे पाय तासभर 150 वॅट देतात असं समजू. फरक उरला साधारण 15 किलोज्यूलचा, भागिले 150 वॅट, म्हणजे दीड मिनिटाच्या थोडं वर. लाख रुपये देऊन गडावर दीड मिनिट लवकर पोचायचं आणि तिथे जाऊन काय करायचं, तर मागच्यांची वाट बघत पिठलं-भाकरीची ऑर्डर द्यायची! बरं, तेच अडीच किलो आपल्या पोटावरून उतरवले तर ते फुकटात होतं, पण तो विषय आमच्या रूममेटला आवडत नाही.

सपाट रस्त्यावर तर वजनाचा संबंध आणखी कमी. तिथे लढाई हवेशी. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, आणि लागणारी पॉवर घनाच्या. मी काढलेल्या अंदाजाप्रमाणे ताशी 25 किमीला सगळं मिळून 110 वॅट लागतात, 30 किमीला 170 च्या वर. त्यातली तीन-चतुर्थांश पॉवर नुसती हवा कापण्यात जाते, आणि हवा कापायची आहे ती मुख्यतः तुमच्या छाताडाने, फ्रेमने नाही. वाकून चालवायची सवय झाली की हा फायदा 30 हजारांच्या सायकलवरही तेवढाच मिळतो.

मग जास्त पैसे कुठे घालावेत? माझं मत: पहिल्यांदा खालच्या गियरमध्ये. दुकानात सगळे सर्वात मोठा गियर बघतात, आणि घाटात रडवतो तो सर्वात हलका. पुढची लहान चकती 34 दात्यांची आणि मागची मोठी 28 ची असेल, तर मिनिटाला 60 फेऱ्या मारताना सायकल ताशी 9.2 किमीने जाते. दहा टक्के चढावर त्याला 200 वॅट लागतात. मागची चकती 32 ची केली तर वेग 8 किमी आणि काम 175 वॅटमध्ये भागतं. याउलट जुन्या रेसिंग सायकलींना पुढे 39 आणि मागे 25 असतं. तिथे त्याच 60 फेऱ्यांना 255 वॅट हवेत. एवढी ताकद नवशिक्याकडे नसते. मग फेऱ्या 40 वर येतात, सगळा भार गुडघ्यांवर येतो आणि महिन्याभरात क्रेप बँडेज. तेव्हा दुकानात दाते मोजा, लाजू नका. मुंबई-पुणे शर्यतीतले 'घाटाचा राजा' होणारे गडी वेगळे आणि आपण वेगळे.

दुसरी पैसे घालण्याची जागा मागच्या चाकात आहे, आणि ती बाहेरून दिसत नाही. स्वस्त 7 गियरच्या सायकलींना बऱ्याचदा आटे असलेलं फ्रीव्हील असतं, जे हबवर फिरवून बसवतात. त्यात उजवीकडचं बेरिंग हबच्या आत राहतं, आणि सगळ्या चकत्या त्याच्या बाहेर. म्हणजे बेरिंगपासून फ्रेमच्या खाचेपर्यंत एक्सलचा लांबलचक तुकडा अधांतरी. कँटिलिव्हरच की! भार गुणिले अंतर, बेंडिंग मोमेंट. क्लॅरिस आणि वरच्या सायकलींना फ्रीहब असतो, त्यात उजवं बेरिंग चकत्यांच्या खाली, पार बाहेरच्या टोकाजवळ येतं, त्यामुळे अधांतरी तुकडा अगदी थोडा. हा फरक मला वर्कशॉपच्या सरांनी तुटलेला एक्सल हातात देऊन समजावला. एक्सल आमच्या विंगमधल्या 80 किलोच्या मित्राचा. रात्री साडेआठला, अंधारात, खड्ड्यात मागचं चाक आपटलं आणि कट्कन आवाज आला. तुटलेल्या तोंडावर अर्धा भाग गुळगुळीत, किनाऱ्यावरच्या लाटांसारख्या रेषा, आणि उरलेला खरखरीत. फटीग फेल्युअर. पुस्तकात जसं चित्र आहे तस्सं. म्हणजे तडा आधीच पडलेला होता आणि हा पठ्ठ्या त्यावर महिनाभर उतारावरून 50 ने येत होता. त्या दिवशी वेग 15 असेल म्हणून नुसतं खरचटण्यावर निभावलं. सायकल टेंपोत घालून आणली.

तुम्ही 60 किलोचे असाल आणि चांगल्या रस्त्याने जाणार असाल, तर फ्रीव्हीलवर वर्षानुवर्षं काही होणार नाही. पण वजनदार मंडळींनी फ्रीहबसाठी दहा-पंधरा हजार जास्त मोजावेत असं मी सांगेन. त्याच जास्तीच्या पैशांत बहुतेक वेळा ब्रेक आणि गियर एकाच लिव्हरमध्ये मिळतात. अगदी स्वस्त सायकलींवर गियरचे खटके बरेचदा हँडलच्या मध्यावर असतात, आणि गियर बदलायला हात ब्रेकवरून काढावा लागतो. वळणाच्या घाटात समोरून एसटी येत असताना याचा अर्थ नीट कळतो.

फ्रेम कार्बनची की अ‍ॅल्युमिनियमची, यावर मेसमध्ये तासन्‌तास वाद होतात. पहिल्या सायकलीसाठी अ‍ॅल्युमिनियम. विषय संपला. सेकंडहँड कार्बन तर मुळीच नको, कारण आतला तडा बाहेरून दिसेलच असं नाही.

सेकंडहँड घ्यायचीच असेल (आणि बजेट 20-25 हजार असेल तर तोच शहाणपणा), तर वर्कशॉपमधली स्टीलची पट्टी बरोबर न्या. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे 24 अंतरांचे 304.8 मिमी. ते 306.3 च्या वर भरलं तर चेन बदलायला आली. 308 ला पोचलं असेल तर बहुधा मागच्या चकत्याही खाल्ल्या गेल्यात, तो खर्च किमतीतून कमी करून घ्या. चाक उचलून फिरवा, ब्रेकजवळ रिम डावी-उजवी हलतेय का बघा. थोडा आऊट कुणीही काढून देईल. हेडट्यूबच्या खाली आणि पॅडलच्या आसाजवळ रंगात केसासारखी रेघ दिसली तर हात जोडून परत या. आणि मूळ बिल मागा, फ्रेमच्या पोटाखाली कोरलेला नंबर त्याच्याशी ताडून बघा. हॉस्टेलमधून सायकली कशा गायब होतात ते आपल्याला माहीत आहे. त्यातली एखादी आपणच विकत घेऊ नये.

सगळं बजेट सायकलीत घालू नका, ही चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. हेल्मेट 1,800, पुढचा-मागचा लाईट 900, कुलूप 800, दोन जादा ट्यूब 600, टायर काढायचे लिव्हर आणि पॅच 200, हातपंप 700, गादीची चड्डी 1,000 (हसू नका, पहिल्या 40 किलोमीटरनंतर हसणार नाही), बाटली आणि तिचा पिंजरा 400. झाले 6,400. यातलं एकही 'नंतर बघू' म्हणण्यासारखं नाही. एका ज्युनिअरने 52 हजारांची सायकल घेतली आणि पंप घेतला नाही. गेटबाहेरच्या पंक्चरवाल्या काकांचा पंप त्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला बसेना. बिचारा 52 हजारांची सायकल हातात धरून चार किलोमीटर चालत आला. तिला हवा होता नखाएवढा पितळी अडॅप्टर, किंमत एका वडापावाच्या जवळपास.

म्हणून माझा आकडा असा. ज्याने शाळेनंतर सायकल चालवलेली नाही त्याने शून्य रुपये. महिनाभर कुणाची तरी साधी सायकल मागून रोज दहा-पंधरा किलोमीटर चालवा. सबमिशनच्या आठवड्यातही उठावंसं वाटलं तर पुढे जा. ज्याला नक्की चालवायची आहे पण पैसे घरून येतात, त्याने सगळं मिळून 25 ते 30 हजार, सेकंडहँड आणि मापाची. स्वतःची कमाई आहे, वजन जास्त आहे किंवा लांबचं स्वप्न आहे, त्याने सामानासकट 55 हजार. त्याच्यावर पहिल्या सायकलीसाठी एक रुपयासुद्धा नाही. 200 किलोमीटरची ब्रेव्हे साडेतेरा तासांत पूर्ण करायची असते. थांबे धरून सरासरी ताशी 15 किमीसुद्धा होत नाही. ते काम साध्या हायब्रिड सायकलीवर करणारे लोक मी स्वतः पाहिलेत, आणि दीड लाखाच्या सायकलीवरून 90 किलोमीटरला टेंपो बोलावणारेही. शैक्षणिक कर्जातून सायकल घेण्याचा विचार एका मित्राने बोलून दाखवला, त्याच्याशी मी आठवडाभर बोललो नाही.

माझी ती लाल 58 नंबरी आता सिव्हिलच्या सहा फुटी गड्याकडे आहे. त्याला ती अशी बसते की जणू त्याच्यासाठीच बनवली होती. घाटात मला मागे टाकून जातो आणि वर 11 हजारांची आठवण करून देतो. आम्ही दर शनिवारी पहाटे साडेपाचला गेटपाशी जमतो. ज्याला घेण्याआधी चालवून बघायची असेल त्याने यावं, 52 आणि 58 अशी दोन मापं आहेत. पंप आणि अडॅप्टर माझ्याकडे आहे, हेल्मेट मात्र आपापलं आणावं.