गेमवरचा वयाचा आकडा वाचायला शिकूया



"पोरगं मोबाईल घेऊन गप्प बसतंय ना, मग बसू दे," असं आपण सगळ्याच म्हणतो. घोटावड्यात कुणी सकाळीच कंपनीच्या गाडीला पळते, कुणी भातखाचरात असते. पण तेच पोरगं रात्री दचकून उठलं की आपण दृष्ट काढतो. दिवसभर त्याने मोबाईलवर काय बघितलं, हे विचारायचं राहूनच जातं.

फवारणीच्या औषधाच्या बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. गेमवरही अशीच खूण असते. अमेरिकेत ही पद्धत १९९४ साली सुरू झाली, कारण गेममधला रक्तपात बघून आईबाप चिडले होते. आज प्ले स्टोअरवर गेमच्या नावाखाली ३+, ७+, १२+, १६+ किंवा १८+ असा आकडा दिसतो. त्यावर बोट ठेवलं की कारणही कळतं: मारामारी, भीतीदायक दृश्यं, शिव्या, जुगार.

तीन गोष्टी लक्षात ठेवा.

१. आकडा अवघडपणाचा नाही. बुद्धिबळ अवघड, तरी लहान मुलांना चालतं. "माझा लेक हुशार आहे, त्याला जमतं," हे इथे लागू नाही.

२. आकडा सगळं सांगत नाही. गेममध्ये अनोळखी माणसं काय बोलतील, ते त्यात धरलेलं नसतं. घरात नुकतंच कुणी गेलं असेल, तर मरणाचं साधं चित्रही लेकराच्या मनाला लागतं. हे कंपनीला नाही, आपल्यालाच माहीत असतं.

३. खूण म्हणजे कुलूप नाही. बीजीएमआय गेम मे २०२३ मध्ये परत आला, तेव्हा १८ वर्षांखालच्या मुलांना दिवसाला ३ तासांची मर्यादा घातली गेली. पण खातं आईच्या वयाने उघडलं, तर त्या मर्यादेचा काय उपयोग?

कुलूप असं लावा: प्ले स्टोअर उघडा. वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर किंवा अक्षरावर दाबा. सेटिंग्ज, फॅमिली, मग पॅरेंटल कंट्रोल. ते चालू करून चार आकडी पिन टाका आणि गेमसाठी वय निवडा. पिन मुलांना सांगू नका. आधीपासून मोबाईलमध्ये असलेले गेम मात्र स्वतः बघून काढा.

मोबाईल हिसकावून घेऊ नका. शेजारी बसा, "मला दाखव की कसा खेळतोस," म्हणा. भीती वाटली तर ती सांगायला मूल आपल्याकडेच आलं पाहिजे. मूल फार गप्प झालं, किंवा जिवाचं बरंवाईट करायचं बोललं, तर थांबू नका. टेलिमानस १४४१६ किंवा चाइल्डलाइन १०९८ ला फोन करा. दोन्ही मोफत आहेत.

पुढच्या बैठकीसाठी: घरातल्या मोबाईलमधल्या तीन गेमची नावं आणि आकडे वहीत लिहून आणा. ज्यांना वाचायला अडचण आहे, त्यांनी मोबाईलच घेऊन या. आपण मिळून बघू.