अंग हुळहुळते ते कशामुळे?

पेसाह जवळ आला की आपल्या घरांतून कपाटे ओढली जातात, कोपरान्‌कोपरा झाडून निघतो. त्या रात्री विशेष काही वाटत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मात्र दंड व मांड्या अशा हुळहुळतात की नुसते बोट लागले तरी नको वाटते. लॅक्टिक ॲसिड साचले, असे पुष्कळ जण सांगतात. ते खरे नव्हे. ते ॲसिड तास-दोन तासांतच स्नायूंतून निघून जाते.

सवय नसलेल्या कामाने, विशेषतः जड वस्तू सावकाश खाली ठेवताना, स्नायूंच्या बारीक तंतूंना इजा होते व शरीर तेथे निरनिराळी द्रव्ये सोडते. त्यांपैकी ब्रॅडिकायनिन हे १९४९ साली ब्राझीलमध्ये सापाच्या विषावरील प्रयोगांत सापडले. ते ज्ञानतंतूंची टोके थेट चेतवते. प्रोस्टाग्लँडिन स्वतः फारसे दुखवीत नाही, पण त्या टोकांना इतके हळवे करते की साधा स्पर्शही वेदना होऊन मेंदूकडे जातो. ढोबळ मानाने, ठणका एकाचा आणि हुळहुळ दुसऱ्याची!

पहिल्या महायुद्धात जर्मन माल बंद झाला तेव्हा, १९१५ साली, मेलबर्नचे जॉर्ज निकोलस यांनी ॲस्पिरिन येथेच तयार केले. तेच पुढे ॲस्प्रो. ते प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाही, हे मात्र जॉन व्हेन यांनी लंडनमध्ये १९७१ साली दाखवले.

मधल्या काळात ॲस्पिरिन, फेनासेटिन व कॅफीन यांच्या बेक्स आणि व्हिन्सेंट्स या पुड्या ऑस्ट्रेलियात घरोघरी गेल्या. कित्येक गृहिणी चहासारख्या रोज घेत. त्यांनी मूत्रपिंडे निकामी होतात, हे मेलबर्नच्या डॉ. प्रिसिला किंकेड-स्मिथ यांनी लावून धरले. १९७९ पासून अशा मिश्र पुड्यांच्या खुल्या विक्रीला आळा बसला.

आजही हा विषय संपलेला नाही. प्रोस्टाग्लँडिन मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवण्याचेही काम करते. म्हणून रक्तदाबाची आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांनी आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. कष्टाने आलेले दुखणे चार-पाच दिवसांत आपोआप ओसरते. तोवर हलके चालावे, तेल लावून चोळून घ्यावे. शनिवार तेल्यांच्या वंशजांना तेलाचे महत्त्व आम्ही काय सांगावे? मात्र दुखण्याबरोबर लघवी काळ्या चहासारखी झाली, तर तेलाची बाटली बाजूला ठेवून तडक इस्पितळ गाठावे.