नोकरी सांभाळून इंग्रजीची परीक्षा : परिचारिकांच्या अभ्यासाची दिशा

रुग्णाच्या उशाशी दहा-दहा वर्षे सेवा केलेली परिचारिका आपल्या कामात कोठेही कमी पडत नाही. तथापि ब्रिटन, आयर्लंड किंवा ऑस्ट्रेलिया येथे परिचारिका म्हणून नोंदणी मिळवावयाची असेल, तर तिला इंग्रजी भाषेवरील प्रभुत्व सिद्ध करावे लागते. त्यासाठी परीक्षेचे शुल्क, रजा आणि घरच्यांची ओढाताण असा सारा भार तिच्यावर पडतो. अशा वेळी चुकीच्या दिशेने केलेला अभ्यास फार महाग पडतो.

आपल्याकडे परिचर्येचे शिक्षण प्रामुख्याने इंग्रजीतून होते. औषधांची नावे, तापाचा तक्ता, केसपेपरवरील नोंदी हे सर्व इंग्रजीत असते. रुग्णाशी बोलणे मात्र मराठीत किंवा हिंदीत चालते. त्यामुळे परिचारिकेच्या हाताला इंग्रजी येते. जिभेला व कानाला ते परके राहते. अभ्यासाची सुरुवात ही उणीव ओळखण्यापासून झाली पाहिजे.

परीक्षेचे स्वरूप

आरोग्यसेवेतील १२ व्यवसायांसाठी 'ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट', म्हणजेच ओ.ई.टी., ही परीक्षा घेतली जाते. ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकात ती तयार झाली. तिचे चार भाग आहेत. श्रवणाला सुमारे ४५ मिनिटे, वाचनाला ६० मिनिटे, लेखनाला ४५ मिनिटे आणि संभाषणाला सुमारे २० मिनिटे असा वेळ असतो. प्रत्येक भागाला ० ते ५०० गुण असून ३५० गुणांपासून 'बी' श्रेणी सुरू होते. ब्रिटनच्या परिचर्या परिषदेने श्रवण, वाचन व संभाषण यांसाठी ३५०, तर लेखनासाठी ३०० गुणांची अट ठेवली आहे. असे नियम वेळोवेळी बदलत असल्याने अर्ज करण्यापूर्वी संबंधित परिषदेचा चालू नियम स्वतः वाचून घ्यावा.

या परीक्षेत वैद्यकीय ज्ञानाची तपासणी होत नाही. परिचारिका रोज जे करते, तेच इंग्रजीतून करता येते काय, एवढेच पाहिले जाते. म्हणूनच व्याकरणाचे जाडजूड पुस्तक पाठ करण्यापेक्षा रोजच्या कामाला इंग्रजीची जोड देणे अधिक फलदायी ठरते.

पत्रात काय वगळावे

लेखनाच्या भागात एका रुग्णाची टिपणे दिलेली असतात. ५ मिनिटे वाचन आणि ४० मिनिटे लेखन या वेळात साधारण १८० ते २०० शब्दांचे पत्र लिहावयाचे असते. सारी टिपणे पत्रात उतरविण्याची चूक अनेकांच्या हातून होते. समजा, मधुमेहाने पायाला जखम झालेला रुग्ण घरी जात आहे आणि पत्र त्याच्या घरी भेट देणाऱ्या परिचारिकेला लिहावयाचे आहे. तिला जखमेची सद्यःस्थिती, मलमपट्टीचे वेळापत्रक, बदललेली औषधे आणि साखरेचे प्रमाण कळले पाहिजे. लहानपणी झालेली टॉन्सिलची शस्त्रक्रिया तिच्या उपयोगाची नाही. पत्र कोणाला व कशासाठी, हे पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट झाले म्हणजे निम्मे काम झाले.

सरावासाठी खऱ्या रुग्णाचे केसपेपर घरी नेऊ नयेत. काल्पनिक रुग्णाची टिपणे स्वतः तयार करावीत. आठवड्याला अशी दोन पत्रे लिहून जाणकाराकडून तपासून घ्यावीत. न तपासलेल्या सरावाने चुकाच पक्क्या होतात.

बोलण्यातील सौजन्य

संभाषणात प्रत्येकी सुमारे ५ मिनिटांचे दोन प्रसंग असतात. परीक्षार्थी परिचारिकेच्या भूमिकेत आणि समोरची व्यक्ती रुग्णाच्या किंवा नातेवाइकाच्या भूमिकेत असते. येथे मराठी माणसाला एक अडचण येते. मराठीत 'बसा' म्हटले की त्या एका क्रियापदातच आदर येतो. इंग्रजीत 'सिट' म्हटले तर ती आज्ञा होते. तेथे आदर वाक्याच्या रचनेतून व्यक्त करावा लागतो. 'वुड यू लाइक टु सिट डाउन?' असे विचारावे लागते. मनाने सौजन्यशील असलेली परिचारिका केवळ शब्दशः भाषांतरामुळे उद्धट वाटू शकते. म्हणून बसविणे, धीर देणे, संमती विचारणे, वेदनेची चौकशी करणे अशा वीस-पंचवीस नित्याच्या प्रसंगांची वाक्ये मोठ्याने म्हणून जिभेवर बसवावीत.

उच्चारांकडेही लक्ष हवे. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांतील गोंधळ परीक्षेत एखादा गुण घालवील; वॉर्डात मात्र तो औषधाच्या मात्रेत चूक घडवील. श्रवणाच्या भागात ध्वनिफीत एकदाच ऐकविली जाते. तेव्हा घरीही एकदाच ऐकून टिपणे घेण्याची सवय लावावी.

पाळ्यांत बसणारा अभ्यास

नोकरदाराला सलग वेळ मिळत नाही. तेव्हा अभ्यास पाळीप्रमाणे वाटून घ्यावा. सकाळपाळीच्या आठवड्यात संध्याकाळी तासभर वाचन व लेखन करावे. रात्रपाळीच्या आठवड्यात थकलेल्या मेंदूवर लेखनाचा भार टाकू नये. वीस मिनिटांचे श्रवण पुरे. वाचनाच्या पहिल्या भागात १५ मिनिटांत २० प्रश्न सोडवावे लागतात. त्यासाठी घड्याळ लावून नेमकी माहिती शोधण्याचा सराव करावा. साप्ताहिक सुटीच्या दिवशी एक पूर्ण प्रश्नसंच सोडवावा. परीक्षा घेणाऱ्या संस्थेने नमुना प्रश्नसंच विनामूल्य उपलब्ध करून दिले आहेत. अशा संचांत सातत्याने अपेक्षित गुण मिळू लागल्यावरच शुल्क भरावे. गुणांची हमी देणाऱ्या मध्यस्थांपासून दूर राहावे.

इतरांचा हातभार

या तयारीत इतरांनाही वाटा उचलता येईल. इंग्रजीच्या शिक्षकाने आठवड्यातून दोन पत्रे तपासून दिली, ग्रामपंचायतीने वाचनालयाचा एक शांत कोपरा संध्याकाळी मोकळा ठेवला आणि रुग्णालयाच्या अधिकाऱ्यांनी पाळ्यांचा तक्ता थोडा आधी जाहीर केला, तरी मोठे साहाय्य होईल. त्यासाठी वेगळ्या निधीची गरज नाही.

हा अभ्यास परदेशी जाणाऱ्यांपुरताच उपयोगी आहे, असेही नाही. नेमके ऐकणे, आवश्यक तेवढेच लिहिणे आणि रुग्णाला समजेल असे आपुलकीने बोलणे ही परिचर्येची मूळ अंगे आहेत. ती अंगी बाणविलेली परिचारिका परीक्षेनंतर कोठेही गेली, अथवा आपल्याच तालुक्याच्या रुग्णालयात राहिली, तरी तिच्या हाताखालचा रुग्ण अधिक सुरक्षित राहील.