लॅपटॉपमधलं सिम अडकतं तेव्हा

३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडची वीज आणि मोबाइल किती दिवस बंद ठेवले, ते इथल्या माणसाला सांगायला नको. तेव्हापासून माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर सिमची खाच असलेले लॅपटॉप जास्त यायला लागले. नेटची केबल तुटली तरी होमस्टेचं बुकिंग अडू नये, हा हिशेब.

गेल्या पावसाळ्यात कर्द्याचे एक होमस्टेवाले काका असाच लॅपटॉप घेऊन आले. सिम नवं, लिनक्स टाकलेलं. “अहो, काड्या सगळ्या दिसतायत, मग नेट जातंय कुठे?”

आधी एपीएन, म्हणजे कंपनीच्या नेटचा पत्ता, पाहिला; बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो. तो बरोबर होता. मोडेमला थेट विचारलं तर उत्तर आलं, ‘सीएमई एरर १४’. म्हणजे सिम दुसऱ्याच कामात गुंतलेलं आहे.

सिममध्ये छोटे प्रोग्रॅम असतात आणि ते स्वतःहून मागण्या करतात: हा मजकूर दाखव, मेनू लाव, एसएमएस पाठव. हेच सिम टूलकिट. मोडेम सुरू होतानाच सिमला सांगतो, मला यातलं काय काय जमतं. फोनवर मग चौकट उघडते. लॅपटॉपचा मोडेम ‘दाखवता येतं’ म्हणतो, पण पुष्कळदा ती चौकट काढणारं सॉफ्टवेअरच नसतं. सिम उत्तराची वाट पाहत राहतं.

मोडेममॅनेजर हा लिनक्समधला मोडेम सांभाळणारा प्रोग्रॅम थांबवून पोर्टवरून ती मागणी वाचली. डी० ने सुरू होणारी ओळ, मध्ये २२, म्हणजे ‘एक कळ दाबून घे’. पुढे ०८ आणि त्यानंतर ०९ ने सुरू होणारे चार-चार आकड्यांचे गट. ती देवनागरी होती: ०९२६ म्हणजे द, ०९३२ म्हणजे ल. अक्षरं जुळवली तेव्हा कळलं की सिम एक पैसे लागणारी सेवा सुरू करू का, असं विचारत होतं!

म्हणून कळकळीने सांगतो, कुठून तरी उचललेली कमांड टाकून ‘हो’ पाठवू नका. प्रश्न आधी वाचा. या कमांड कंपनीगणिक बदलतात, एका मोडेमची दुसऱ्याला चालेलच असं नाही. पिन तर अंदाजाने कधीच टाकू नका. तीनदा चुकला की सिम उघडायचा पीयूके कोड लागतो, तो दहादा चुकला की कार्ड कायमचं गेलं. किती संधी उरल्यात ते मोडेममॅनेजरच्या माहितीत ‘अनलॉक रीट्राइज’समोर दिसतं.

खरं तर सोपा रस्ता वेगळाच आहे. लॅपटॉप बंद करा, सिम काढून फोनमध्ये घाला, तिथे ‘नाही’ म्हणा आणि सिम टूलकिटमध्ये पॉपअप बंद करायची सोय असेल तर तीही वापरा. आयफोनमध्ये हा मेनू मोबाइल डेटाखाली ‘सिम ॲप्लिकेशन्स’ नावाने असतो. नको असलेली सेवा आधीच चालू झाली असेल तर १५५२२३ वर बंद करता येते. काकांचं नेट एवढ्यानेच सुरू झालं.

ई-सिम मात्र असं काढून फोनमध्ये घालता येत नाही. ते लॅपटॉपवर घेणार असाल, तर हे पॉपअप कंपनीकडून आधीच बंद करून घ्या.