वेगाचा सराव : जसे अंतर तसा बेत

धावण्याच्या शर्यतीची तयारी म्हणजे रोज पहाटे मैदानाला फेऱ्या मारणे, असा समज अनेक शाळांतून रूढ आहे. १०० मीटर धावणारा आणि ५,००० मीटर धावणारा, दोघांनाही सारख्याच फेऱ्या दिल्या जातात. त्यात दोघांचेही नुकसान होते. अधिक होते ते पहिल्याचे.

पूर्ण वेगाने धावताना स्नायूंतील तयार ऊर्जेचा साठा काही सेकंदांतच सरतो व तो भरून येण्यास काही मिनिटे लागतात. म्हणून १०० मीटरच्या धावपटूने ३० ते ६० मीटरच्या पाच-सहा धावाच घ्याव्यात. मात्र प्रत्येक धावेनंतर तीन ते पाच मिनिटे थांबावे. पाहणाऱ्यास हा आळस वाटतो. परंतु विश्रांती कमी केली की वेग उतरतो आणि सराव वेगाचा न राहता केवळ दमछाकीचा होतो.

८०० मीटरसाठी शर्यतीच्या वेगाने २०० वा ३०० मीटरच्या धावा उपयुक्त ठरतात. ५,००० मीटरसाठी १,००० मीटरच्या चार-पाच धावा घेऊन मध्ये दोन-तीन मिनिटेच संथ धावावे. येथे विश्रांती हेतुतः अपुरी ठेवलेली असते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटर, १०,००० मीटर व मॅरेथॉन जिंकणाऱ्या एमिल झाटोपेक यांचा सराव ४०० मीटरच्या असंख्य धावांवर उभा होता.

असा सराव आठवड्यातून दोनदा पुरे. त्यासाठी पंचायतीने फक्कीने आखलेली ६० मीटरची सपाट पट्टी व एक स्टॉपवॉच पुरविले तरी प्रारंभ होऊ शकतो. धावेची वेळ स्पष्टपणे वाढू लागली किंवा नडगी दुखू लागली, तर शिक्षकांनी त्या दिवशीचा सराव तेथेच थांबवावा.